वाईस सिटी वर्षभरात झाली, मग आताच तेरा वर्षं का?

७ नोव्हेंबर २०२५च्या सकाळी मोबाईल हातात घेतला तर भाच्याचा मेसेज येऊन पडला होता, रात्री पावणेतीनचा. "मामा, परत पुढे ढकलला." काय ढकलला, कोणी ढकलला, काही नाही. पण गेली दोन वर्षं त्याच्या तोंडात एकच विषय होता, त्यामुळे विचारायची गरजच पडली नाही. जीटीए ६, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा सहावा भाग. आधी २०२५च्या उत्तरार्धात येणार होता, मग २६ मे २०२६ ठरली, आणि आता १९ नोव्हेंबर २०२६. पाचवा भाग आला १७ सप्टेंबर २०१३ला. तेव्हा हा भाचा तीन वर्षांचा होता आणि 'र'ला 'ल' म्हणायचा. आता त्याला मिसरूड फुटलंय.

"एवढी वर्षं ही माणसं करतात तरी काय?" हा त्याचा प्रश्न. चिडून विचारला असला तरी प्रश्न रास्त आहे. कारण याच मालिकेचा तिसरा भाग २००१ला आला, वाईस सिटी २००२ला, सॅन अँड्रियास २००४ला. तीन वर्षांत तीन मोठे गेम. मग चौथा भाग २००८ला, पाचवा २०१३ला. आणि नंतर तेरा वर्षांची खोल विहीर.

माझ्या वयाच्या लोकांना हा हिशेब जास्तच खुपतो, कारण नवा गेम पुन्हा वाईस सिटीतच घडतोय. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे नेट कॅफे होता. तासाला वीस रुपये, सहा मशीन, त्यातल्या दोनच मशीनवर वाईस सिटी आणि त्या दोनसाठी रांग. ती सीडी मालकाने कुठून आणली हे कोणी विचारत नसे. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड, म्हणजे टाईप केले की खेळात आयती मदत मिळवून देणारे शब्द, उतरवलेले असायचे. पँझर टाईप केलं की आकाशातून पडल्यासारखा रणगाडा हजर. लीव्हमीअलोन टाईप केलं की मागे लागलेले पोलीस गप्प. तब्येत भरून काढायला ॲस्पिरिन, आणि त्या कोडमध्ये शेवटी एक जास्तीचा 'ई' होता. आमच्यातले काहीजण पुढे बारावीपर्यंत औषधाचं स्पेलिंगही तसंच लिहीत राहिले.

तो अख्खा गेम वर्षभराच्या आत बनला होता. मुळात तिसऱ्या भागाला जोडायची काही जादा मिशन्स एवढीच कल्पना होती, ती वाढत वाढत वेगळा गेम झाली. गाडी कशी वळते, पोलीस कसे मागे लागतात, गोळी कशी सुटते, हा सगळा सांगाडा आदल्या वर्षीचा तयार होता. त्यावर नवं शहर, नवे कपडे, नवी गाणी चढवली. घर बांधून झालेलं असताना वरचा मजला चढवणं आणि पायापासून नवी इमारत उभी करणं यात जो फरक, तो इथे आहे.

ओटा आणि कोठी

जुना वाईस सिटी ज्यांनी खेळलाय त्यांना आठवत असेल: सुरुवातीला तुम्ही एकाच बेटावर असता. पलीकडच्या बेटावर जाणारे पूल बंद. कारण काय, तर वादळाचा इशारा. आम्हाला तेव्हा ते खरंच वाटायचं. खेळाडूला हळूहळू पुढे न्यायचं हा त्यामागचा एक हेतू. पण पूल उघडल्यावर मध्यावर गेलं की क्षणभर खेळ थांबून एक चित्र दिसायचं, तिथे खरी मेख होती.

मशीनची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि डीव्हीडी म्हणजे कोठीची खोली. कोठीत पोत्यांनी माल आहे, पण हाताशी तेवढंच, जेवढं ओट्यावर मावतं. प्लेस्टेशन २ या सोनीच्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनचा, ओटा होता ३२ एमबीचा. आजच्या मोबाईलने काढलेले सात-आठ फोटो ठेवले की भरला. एवढ्याशा जागेत शहर मावणार कसं? म्हणून तुम्ही गाडी चालवत पुढे जाता तसा समोरचा रस्ता कोठीतून आणून ओट्यावर मांडायचा आणि मागे पडलेला उचलायचा. याला स्ट्रीमिंग म्हणतात. गाडी सुसाट गेली तर मदतनीस मागे पडतो आणि रस्ता यायच्या आत तुम्ही तिथे पोचता. तिसऱ्या भागाच्या वेळी या भानगडीमुळे काही ठिकाणी रस्त्यांची मांडणीच बदलावी लागली, म्हणजे खेळाडूला वेग कमी करावा लागेल. वळण आलं म्हणून आपण ब्रेक मारत होतो, आणि तेवढ्या वेळात तिकडे डीव्हीडी धापा टाकत पुढची गल्ली आणत होती.

आता प्लेस्टेशन ५ची मेमरी १६ जीबी आहे. जुन्या ओट्याच्या बरोबर ५१२ पट. भाच्याचं म्हणणं, मग तर काम सोपं झालं पाहिजे. उलटं होतं. ओटा मोठा झाला की पंगतही मोठी बसते. वाईस सिटीतल्या माणसांचे हात आठवा: बोटं वेगळी नव्हतीच, थेट एक ठोकळा. कोणी तक्रार केली नाही. आज एखाद्या पात्राचं नख चुकीचं दिसलं तरी त्याचा फोटो जगभर फिरतो.

नव्या गेमचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३मध्ये आला. त्यात समुद्रकिनाऱ्याचं एक दृश्य आहे, काही सेकंदांचं. वाळूवर माणसंच माणसं, आणि प्रत्येकजण काहीतरी वेगळं करतोय. मी ते थांबवून थांबवून पाहिलं (वयाला शोभत नाही, मान्य). जुन्या किनाऱ्यावर चार-पाच जणी त्याच चालीने फिरत असायच्या. नव्या दृश्यातल्या प्रत्येक माणसासाठी कोणीतरी शरीर घडवलंय, कपडे शिवलेत, आणि तो हलतो कसा हे बहुतेक वेळा खऱ्या नटाच्या अंगाला खुणा चिकटवून त्याच्या हालचालींवरून नोंदवलंय. या कामाचा आवाका कळायला जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचाच २०१८चा गेम बघा, रेड डेड रिडेम्प्शन २. त्यात तीन लाख ॲनिमेशन आणि पाच लाख संवाद असल्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. पाच लाख वाक्यं म्हणजे कोणीतरी लिहिली, कोणीतरी स्टुडिओत उभं राहून म्हटली, कोणीतरी ऐकून नापास केली आणि पुन्हा म्हणून घेतली.

आणि हा २०१८चा गेम मध्ये आला, हे तेरा वर्षांच्या हिशेबात धरायला हवं. तो बनवणारे लोक थोड्याफार फरकाने तेच. म्हणजे जीटीए ६ला सलग तेरा वर्षं लागली असं नाही. पहिली पाच वर्षं त्याच कारखान्यात मुख्यतः दुसरी मूर्ती घडत होती.

वीस बटणांचा हिशेब

पण निव्वळ जास्त कामामुळे उशीर झाला असता तर जास्त माणसं लावून भागलं असतं. खरी डोकेदुखी वेगळी आहे आणि ती मी भाच्याला कागदावर मांडून दाखवली.

समज, गेममध्ये वीस गोष्टी आहेत आणि प्रत्येक गोष्ट एकतर आहे किंवा नाही. पाऊस पडतोय किंवा नाही. रात्र आहे किंवा दिवस. पोलीस मागे आहेत किंवा नाहीत. तू मोटरसायकलवर आहेस किंवा पायी. फोन वाजतोय किंवा नाही. अशी वीस बटणं. एका बटणाच्या दोन शक्यता, दोनच्या चार, तीनच्या आठ. दहा बटणांच्या १,०२४. आणि वीसच्या? त्याने अंदाज सांगितला पाच हजार. उत्तर आहे १०,४८,५७६. एकेक शक्यता तपासायला फक्त एक मिनिट धरलं आणि माणूस झोपलाच नाही, तरी ७२८ दिवस लागतात. हे वीस गोष्टींचं झालं. एका शहरात हजारो आहेत.

म्हणून खुल्या जगाचा गेम तपासणं हे प्रकरण क्रिकेटच्या किंवा गाड्यांच्या शर्यतीच्या गेमपेक्षा फार वेगळं. शर्यतीत तुम्ही रस्त्यावर असता. इथे तुम्ही हेलिकॉप्टर घेऊन लग्नाच्या मांडवात घुसू शकता, आणि नेमकं त्याच वेळी एखाद्या मिशनचा फोन आला तर काय व्हावं, हे कोणीतरी आधी ठरवलेलं असावं लागतं. एका जागी दुरुस्ती केली की दुसरीकडे काहीतरी उसवतं. गाडीची पकड थोडी सुधारली की आधी बरोबर बसलेलं पाठलागाचं मिशन फार सोपं होतं. मग ते पुन्हा बसवा.

या चुकांच्या गोष्टी मात्र मजेदार असतात. या मालिकेचा जन्मच एका चुकीतून झाला. १९९७चा पहिला भाग स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात बनत होता, डीएमए डिझाईन नावाच्या कंपनीत, आणि तेव्हा तो पोलीस-चोरांचा साधासा, खरं तर रटाळ गेम होता. मग प्रोग्राममधल्या गोंधळामुळे पोलिसांच्या गाड्या वेड लागल्यासारख्या थेट खेळाडूच्या अंगावर यायला लागल्या. तपासणाऱ्यांना तेवढंच खेळत राहावंसं वाटायला लागलं. चूक ठेवली, बाकीचा गेम तिच्याभोवती बसवला. तिसऱ्या भागात तर दुर्बिणीच्या बंदुकीने चंद्रावर गोळी झाडली की चंद्र लहान-मोठा होतो. त्यावेळच्या एका प्रोग्रामरने पुढे याचं कारण सांगितलं: चंद्र केवढा असावा यावर चित्रकारांचं एकमत होईना, म्हणून त्याने ती सोय गेममध्येच करून दिली, आणि नंतर ती काढायची राहून गेली.

आता एवढं काम असेल तर माणसं वाढवा, हे ओघाने येतंच. वाढवलीही आहेत. रॉकस्टारचा मुख्य स्टुडिओ एडिनबरात, पण काम अनेक देशांतल्या स्टुडिओंत वाटलेलं असतं. त्यातला एक आपल्या शेजारी, बंगळुरूला. तिथली ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातल्या सगळ्यात जुन्या गेम कंपन्यांपैकी एक, १९९७ची, म्हणजे जीटीएच्याच वयाची. ती २०१९मध्ये रॉकस्टारने घेतली. पण शेवटच्या टप्प्यात माणसं वाढवून फार उपयोग होत नाही. नाटक पुढच्या आठवड्यावर आलंय आणि प्रवेश रंगत नाहीये, तर आणखी दहा नट आणून काय करणार? आहेत त्याच नटांची तालीम पुन्हा घ्यावी लागते. कंपनीने तारीख पुढे नेताना जे कारण दिलं, म्हणजे गेमवर शेवटचा हात फिरवायचाय, त्याचा अर्थ हा. नवीन काही बनवणं जवळपास थांबलेलं असतं. रंगीत तालीम चाललेली असते आणि कोणाचा तरी दिवा उशिरा लागतोय, कोणाचा तरी दरवाजा उघडत नाहीये.

दुसरा मार्ग म्हणजे आहेत त्याच लोकांकडून रात्रंदिवस काम करून घेणं. या धंद्यात त्याला क्रंच म्हणतात. २०१८च्या गेमच्या वेळी काहींनी आठवड्याला शंभर तास काम केल्याचं कंपनीच्या एका संस्थापकाच्याच तोंडून निघालं आणि बराच गदारोळ झाला. भाच्याला मी एवढंच म्हटलं की सहा महिने थांबायचे किंवा कोणाच्या तरी घरच्या जेवणाच्या वेळा खायच्या, यातलं पहिलं मला परवडतं. त्याला ते पटलं असं वाटत नाही.

उशीर झाला म्हणजे गेम चांगलाच होतो, असंही मात्र कोणी समजू नये. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टचा सायबरपंक २०७७ हा गेम २०२०मध्ये तीनदा पुढे गेला. त्यातली एक तारीख, योगायोगाने, १९ नोव्हेंबरच होती. शेवटी १० डिसेंबरला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका मोडका होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाईन दुकानातून काढून टाकला.

तारीख कोणासाठी असते

इथे जरा पैशाचं बोलू, कारण गेमच्या बातम्या देणारे हा भाग घाईत उरकतात.

रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि तिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच, ३१ मार्चला संपणारं. हे एकदा लक्षात घेतलं की तारखांचा खेळ कळायला लागतो. २०२५चा उत्तरार्ध म्हणजे मार्च २०२६ला संपणारं वर्ष. तिथून २६ मे २०२६ला उडी मारली, म्हणजे सगळी कमाई पुढच्या आर्थिक वर्षात गेली. त्यामुळे मे २०२५मध्ये ती घोषणा झाली तेव्हा गुंतवणूकदारांना मोठा हिशेब बदलावा लागला. नंतरची उडी, मे ते नोव्हेंबर, त्याच वर्षाच्या आत आहे. खेळणाऱ्याला दोन्ही वेळा सारखाच त्रास, ताळेबंदाला मात्र दुसऱ्या वेळी कमी. आणि नोव्हेंबर म्हणजे अमेरिकेतला खरेदीचा हंगाम, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार. आपल्याकडे ८ नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन उरकून अकरा दिवस झालेले असतील, बोनस जवळपास संपलेला.

जाहीर केलेली तारीख म्हणजे, माझ्या मते, खेळाडूंपेक्षा भागधारकांना दिलेला शब्द असतो. तो मोडायला धाडस लागतं, आणि हे धाडस या कंपनीला परवडतं याचं कारण पाचवा भाग. त्याने पहिल्या तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरची विक्री केली, पुढे त्याच्या वीस कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झालेला त्याचा ऑनलाईन भाग आजही पैसे देतोय. गोठ्यात अशी दुभती म्हैस असताना नवी घाईघाईने आणायची गरज कोणाला? मला विचाराल तर तेरा वर्षांमागे जेवढी मेहनत आहे, तेवढाच हा निवांतपणाही आहे.

मग तारीख पक्की कधी समजायची? 'गेम गोल्ड झाला' अशी बातमी येईल तेव्हा. पूर्वी कारखान्यात छपाईला पाठवायची शेवटची प्रत सोनेरी रंगाच्या सीडीवर असायची, त्यावरून हा शब्द. आता त्याचा अर्थ एवढाच की सोनी आणि मायक्रोसॉफ्टने आपापल्या कन्सोलवर तपासून गेमला हिरवा कंदील दिला आणि डिस्क छापायला गेली. त्यानंतरही दुरुस्त्या चालूच राहतात, पण त्या इंटरनेटवरून पहिल्या दिवशी उतरवून घ्यायच्या असतात. सायबरपंक मात्र गोल्ड झाल्याची घोषणा होऊनसुद्धा एकदा पुढे गेला होता, तेव्हा त्या बातमीनंतरही पेढे जरा थांबूनच वाटलेले बरे.

हे सगळं ऐकून भाच्याने मान डोलावली आणि विचारलं, "म्हणजे एकोणीस नोव्हेंबरला माझ्या लॅपटॉपवर खेळता येईल ना?"

आता आली का पंचाईत. लॅपटॉप त्याने हट्टाने ग्राफिक कार्डवाला घ्यायला लावला होता, बहिणीला त्याचे हप्ते अजून चालू आहेत. कंपनीने जाहीर केलाय तो गेम फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवर. प्रत्येक प्लेस्टेशन ५ आतून जवळपास सारखा असतो. पीसी मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे मघाच्या वीस बटणांत आणखी शेकडो बटणांची भर. म्हणून तिसऱ्या भागापासून पीसीवाल्यांचा नंबर नंतरच लागत आलाय. चौथा भाग पीसीवर आला साधारण सात महिन्यांनी. रेड डेड रिडेम्प्शन २ला वर्ष लागलं. पाचवा भाग सप्टेंबर २०१३मध्ये कन्सोलवर आणि पीसीवर एप्रिल २०१५मध्ये, एकोणीस महिन्यांनी.

तो बोटांवर मोजायला लागला. नोव्हेंबर २०२६मध्ये एकोणीस महिने मिळवले की जून २०२८. मोजून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, तुझ्या टीव्हीला पीएस५ जोडता येतो का रे?"

मी विषय बदलला. पण त्या रात्री किंमत पाहिली, पन्नास हजारांच्या वर. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तोवर सोय म्हणून त्याच्या लॅपटॉपवर जुना वाईस सिटी टाकून दिला. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. बांधकाम चाललेल्या इमारतीत खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून चार बॉम्ब ठेवायचे असतात, त्या मिशनवर अडकला होता. पाचवा प्रयत्न. मी त्याला सांगितलं की आधी वर जाऊन मोकळ्या जागेत घिरट्या घालून हात बसव, बॉम्बला हातच लावू नकोस, कारण घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं.